सावित्रीकांठचा एकान्त

एकत्र कुटुंबाचे फायदे आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नकोत. मुलांना आजी मिळते, आजाऱ्याच्या उशाशीं माणूस असतें, आणि अडचणीच्या दिवशीं परक्याच्या दारीं जावें लागत नाहीं. परंतु अशा घरांत एक वस्तु मात्र दुर्मिळ असते, आणि तिची उणीव कोणी बोलून दाखवीत नाहीं. ती वस्तु म्हणजे पतिपत्नींना एकमेकांशीं निवांतपणें बोलावयास मिळणारी घटका. भाजी काय आणावयाची, विजेचें बिल कोणीं भरावयाचें, कोणाच्या मुंजीस किती आहेर करावयाचा, हें बोलणें दिवसभर चालूंच असतें. पण तें घराचें बोलणें झालें. दोन माणसांचें बोलणें निराळें. तें चौघांदेखत होत नाहीं, आणि रात्रीं दार लावल्यावर होईल म्हणावें, तर तोंवर एकाचे डोळे मिटलेले असतात. ह्यांत दोष कोणाचाच नसतो. घराची घडणच तशी असते.

अलीकडे शहरांतील तरुण जोडपीं ह्यावर एक उपाय करूं लागलीं आहेत. डोंगरांत वस्तीपासून दूर एखादी झोपडी दोन-चार दिवस भाड्यानें घ्यावयाची आणि तेथें दोघांनींच राहावयाचें. झोपडी बाहेरून तेवढी झोपडी. आंत मऊ गादी, ऊन पाण्याची सोय आणि ओटीवर टांगलेले मंद दिवे. इंग्रजींत ह्या प्रकारास ‘ग्लॅम्पिंग’ असें नांव पडलें आहे. थाटमाट आणि तंबूंतला मुक्काम ह्या दोन अर्थांचे शब्द सांधून तो बनविला असून ऑक्सफर्डच्या कोशांत त्यास २०१६ सालीं जागा मिळाली. तरुणांची ही चाल साठी उलटलेल्यांस कितपत मानवते, हें पाहण्याचा योग आम्हांस गेल्या कार्तिकांत आला. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें घर वाईस, कृष्णेच्या कांठीं. एका छपराखालीं आम्ही अकरा माणसें राहतों. आमच्या मातोश्री शेवटचीं नऊ वर्षें अंथरुणावर होत्या, आणि त्यांचें सारें आमच्या सौ. नीं केलें. भाद्रपदांत त्यांचें वर्षश्राद्ध आटोपलें, तेव्हां धाकट्या सूनबाईंनीं फोनवरून चार दिवसांची जागा ठरवून टाकिली, आणि मग ती गोष्ट घरांत सांगितली. जागा पोलादपूर तालुक्यांत, सावित्रीच्या खोऱ्यांत होती. एका रात्रीचें भाडें ऐकून आम्ही क्षणभर स्तब्ध झालों, कारण आमच्या नोकरीच्या पहिल्या महिन्याचा पगार त्याहून कमी होता. थोरल्या वहिनी म्हणाल्या, “ह्या वयांत एकान्त कसला? त्यापेक्षां काशीयात्रा करा. पुण्य तरी पदरीं पडेल.” त्यांचा मान राखून आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, नातवंडें झालीं म्हणजे वनाकडे वळावें असें शास्त्रकारांचें मत आहे, आणि वानप्रस्थानें पत्नीस मुलांच्या स्वाधीन करावें किंवा बरोबर न्यावें, अशी दोन्ही प्रकारची मुभा त्यांनीं ठेविली आहे, आम्ही दुसरा पक्ष स्वीकारीत आहों. वहिनी हंसल्या, आणि निघते वेळीं त्यांनीं मेतकुटाचा डबा भरून दिला.

वाईहून पसरणीचा घाट चढून पांचगणी, पुढें महाबळेश्वर, आणि तेथून आंबेनळीचा घाट उतरून पोलादपूर, असा आमचा मार्ग होता. क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री ह्या पांच नद्यांचा उगम दाखवितात. आमच्या दाराशींची कृष्णा तेथून पूर्वेकडे निघते आणि दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री मात्र पश्चिमेस कडा उतरते, आणि पोलादपूर व महाड ह्यांवरून जाऊन बाणकोटच्या खाडीनें अरबी समुद्रास मिळते.

ह्या नद्यांची पुराणकथा प्रसिद्ध आहे. ब्रह्मदेवानें ह्या डोंगरावर यज्ञ मांडिला. मुहूर्त जवळ आला तरी सावित्री येईना, म्हणून तिच्या आसनावर गायत्रीस बसवून यज्ञास आरंभ केला. सावित्रीनें येऊन तें पाहिलें, तिला क्रोध आला, आणि तिच्या शापानें देव नद्या होऊन वाहूं लागले. ती स्वतःहि नदी झाली. ही कथा आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितली आहे. ह्या खेपेस ती संपतांच सौ. नीं विचारलें, “तिला उशीर कां झाला, तें नाहीं कोणी सांगत?” आम्हांस सांगावें लागलें कीं, तेंहि सांगितलें आहे. अशाच यज्ञाची पुष्करक्षेत्रींची कथा पद्मपुराणांत आहे. तींत घरांतलीं कामें उरकावयाचीं राहिलीं होतीं आणि सोबतच्या देवी यावयाच्या होत्या, असें कारण दिलें आहे. सौ. म्हणाल्या, “म्हणजे उशीर झाला तो घरच्याच कामामुळें!” ह्यावर बोलण्यासारखें फारसें नव्हतें. आम्ही खिडकींतून प्रतापगडाकडे पाहूं लागलों.

महाबळेश्वराची उंची सुमारें १३७० मीटर. तेथून पोलादपूर सुमारें चाळीस किलोमीटर. तेवढ्या अंतरांत रस्ता वळणांवर वळणें घेत कोंकणांत उतरतो. उजवीकडे, डावीकडे पाहावें तिकडे जावळीचें रान. प्रतापगडाच्या पायथ्याशीं १० नोव्हेंबर १६५९ रोजीं जें घडलें, तें मराठी घरांतील लहान मूलहि जाणतें. पण ह्याच घाटांत २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरींत कोसळली व एकच प्रवासी वांचला, हेंहि विसरूं नये. गाडी हळू न्यावी, धुक्यांत व अंधारांत नेऊंच नये, हें आमच्या चालकास सांगावें लागलें नाहीं. तो वळणावळणावर भोंगा वाजवीत सावकाश उतरला.

आमचा मुक्काम पोलादपुराहून आंत, एका लहानशा वाडीच्या वरच्या अंगास होता. गाडी जेथें थांबते तेथून दहा मिनिटें पायवाट. भातें कापून झालीं होतीं. खळ्यांवर झोडणी चालली होती, आणि रिकाम्या खाचरांत वालाचे कोंब वर येत होते. वरकस उतारांवरची नाचणीहि घरीं आली होती. झोपडीच्या भिंती कुडाच्या होत्या. कारवीच्या काठ्या उभ्या विणून त्यांवर माती व शेण ह्यांचा गिलावा द्यावयाचा, अशी ही जुनी रीत. सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारी ही कारवी सात वर्षांनीं एकदां फुलते, आणि एरवीं गरिबांच्या घरांस भिंत पुरविते. भोवतालच्या वाडींत मात्र आतां कुडाचें घर क्वचितच दिसतें. ज्याच्या हातीं चार पैसे आले, त्यानें सिमेंटच्या विटा रचल्या. जें घर सोडण्यासाठीं गांवचा माणूस धडपडला, त्याच घरांत निजण्यासाठीं शहरचा माणूस पैसे मोजतो, ह्याचा आम्हांस प्रथम विस्मय वाटला. एक रात्र तेथें काढल्यावर तो कमी झाला. कुडाची भिंत दिवसा गार राहते, रात्रीं ऊब धरते, आणि तिच्या मातीला एक वास असतो. तो आमच्या आजोळच्या घराचा होता.

फोनला तेथें ओढ नाहीं. बोलावयाचें झाल्यास वरच्या माळावर चढून जावें लागतें. कार्तिक वद्य पक्ष असल्यामुळें चंद्र मध्यरात्रीनंतर उगवे. जेवण होऊन ओटीवर बसलों म्हणजे पूर्वेस कृत्तिकांचा पुंजका वर आलेला असे, त्यामागून तांबूस रोहिणी, आणि नऊच्या सुमारास मृग. आम्हीं आयुष्यभर मुलांना नक्षत्रांचीं नांवें शिकविलीं, पण वाईच्या दिव्यांत तीं आतां धड दिसत नाहींत. सौ. नीं रोहिणी ओळखली, आणि आपल्या वडिलांनीं ती लहानपणीं कशी दाखविली, तें सांगितलें. लग्नास अडतीस वर्षें झालीं. ही गोष्ट आमच्या कानीं त्या रात्रीं प्रथम आली.

झोपडीचे यजमान पन्नाशीच्या घरांतले, माळकरी. पोलादपूर तालुक्यांत वारकरी संप्रदाय जुना व जोमदार आहे. त्यामुळें जेवणाखाण्याचा प्रश्न उद्भवला नाहीं. तांदळाची भाकरी, कुळथाचें पिठलें, वालाचें बिरडें, आणि सकाळीं नाचणीची आंबील, असा बेत असे. स्वयंपाक यजमानीणबाई करीत व यजमान वाढीत. दोघें एकमेकांशीं फार कमी बोलत, पण कोठें तरी दोघांचें सतत लक्ष असे. बाई भाकरी थापीत असल्या म्हणजे लांकडें सारावयास यजमान आपण होऊन येत. दुसऱ्या दिवशीं सौ. चुलीपाशीं जाऊन बसल्या, तेव्हां त्या घरची हकीकत समजली.

यजमानांचे वडील मुंबईस गिरणींत होते. त्या काळीं गिरणगांवांत एका गांवच्या माणसांची मिळून एक खोली असे. पाळीपाळीनें तींत निजावयाचें, जेवण खानावळींत घ्यावयाचें, आणि महिन्याच्या महिन्यास गांवीं मनिऑर्डर करावयाची, असा क्रम असे. बायका गांवींच राहत. शेत, गुरें व म्हातारीं माणसें त्यांच्या गळ्यांत. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, आणि त्यानंतर अशा हजारों घरांचा आधार तुटला. तरी मुंबईची वाट कांहीं सुटली नाहीं. मुलगे गिरणीऐवजीं गोदामांत, उपाहारगृहांत आणि मालमोटारींवर लागले. आमचे यजमान असेच एका गोदामांत सव्वीस वर्षें होते. लग्नानंतर दोन महिन्यांनीं गेले, ते गणपतीला, शिमग्याला आणि लावणीच्या दिवसांत सवड मिळेल तसे येत.

यजमानीणबाई सौ. ना म्हणाल्या, “काकी, वरसाचे पंचवीस दिस धरा. सव्वीस वरसांचा संसार म्हणतात लोक. मी हिशेब केलाय. पावणेदोन वरसं होतात.”

आम्हीं तो हिशेब करून पाहिला. सव्वीस वर्षांचे साडेसहाशें दिवस होतात, आणि त्यांचीं खरोखर पावणेदोन वर्षें भरतात. बाई चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत.

२०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी लागली आणि यजमान गांवीं परतले. गोदामाचें काम पुन्हां सुरू झालें, तरी ते गेले नाहींत. त्याच वर्षीं महाराष्ट्र शासनानें कृषिपर्यटनाचें धोरण जाहीर केलें. शेतकऱ्यानें आपल्या शेतावर पाहुणे ठेवावे, त्यांस गांवचें अन्न व गांवचें जीवन दाखवावें, आणि त्यावर चार पैसे मिळवावे, ही कल्पना त्यापूर्वीं बारामतीकडे रुजलीच होती. शासनानें तिला नोंदणीचें व नियमांचें रूप दिलें. यजमानांच्या मुलानें कर्ज काढून ही एक झोपडी उभी केली. पाहुणे येऊं लागले, आणि बापास मुंबईस जाण्याचें कारण उरलें नाहीं. शहरांतल्या जोडप्यांस चार दिवस एकत्र मिळावे म्हणून बांधलेल्या झोपडीनें गांवांतील एका जोडप्यास सबंध वर्ष एकत्र आणून दिलें. आम्हांस त्या भाड्याचा जो आंकडा जड वाटला होता, तो ह्यानंतर जड वाटला नाहीं.

ह्या संबंधांत एक योगायोग ध्यानांत आला. महाड तालुक्यांतील नाते ह्या गांवीं चिंतामणराव देशमुख ह्यांचा जन्म १८९६ सालीं झाला. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले हिंदी गव्हर्नर व पुढें देशाचे अर्थमंत्री. आणि त्यांनींच कालिदासाचें मेघदूत मराठी पद्यांत आणिलें. मेघदूतांतल्या यक्षास एका वर्षाचा विरह झाला, आणि त्या एका वर्षासाठीं संस्कृत वाङ्मयांत केवढें अश्रुजल वाहिलें! ज्या मातींत त्या काव्याचा अनुवादक जन्मला, तेथील घरोघरच्या बायकांनीं वीस-वीस, तीस-तीस वर्षें तो विरह काढला, आणि तो गाण्यास कोणी कालिदास आला नाहीं. त्यांचा मेघ म्हणजे पोस्टमन. आणि तो संदेशाऐवजीं पैसे आणी.

पाहण्यासारखीं स्थळें ह्या भागांत पुष्कळ आहेत. चार दिवसांत सर्व पाहण्याचा हट्ट धरिल्यास एकान्त राहावयाचा नाहीं, म्हणून आम्हीं मोजकींच निवडलीं. पोलादपुरास कवींद्र परमानंदांची समाधि आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून ज्यांनीं शिवभारत हें संस्कृत काव्य रचिलें, ते हेच. संस्कृताची थोडी-बहुत सेवा केलेल्या माणसानें तेथें मस्तक न टेकतां पुढें जाऊं नये. जवळच उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव. मुलाचें लग्न बाजूस ठेवून ते ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं कोंढाण्यावर गेले, तें परत आले नाहींत. तानाजींचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे. पण तें लग्नघर त्या दिवशीं कोणीं सांवरलें असेल, असें सौ. नीं तेथें विचारलें, आणि आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

महाडास आम्ही तिसऱ्या दिवशीं गेलों. मुंबई-गोवा रस्त्यालगत गांधारपाल्याचीं बौद्ध लेणीं आहेत. पायऱ्या चढण्याची तयारी असल्यास तीं अवश्य पाहावीं. गांवांत चवदार तळें आहे. २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर आंबेडकरांनीं हजारों अनुयायांसह ह्या तळ्याचें पाणी ओंजळीनें घेतलें. पाणी सार्वजनिक होतें; मनाई होती ती माणसांची. त्यानंतर गांवच्या सवर्णांनीं तळ्याचें शुद्धीकरण केलें, खटला चालला, आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ सालीं अस्पृश्यांच्या बाजूनें लागला. त्याच १९२७ च्या २५ डिसेंबरास महाडांतच मनुस्मृतीचें दहन झालें, आणि त्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जातीनें ब्राह्मण होते. आमच्यासारख्यांच्या घरांत ह्या गोष्टी फारशा बोलल्या जात नाहींत. त्या बोलल्या पाहिजेत. नातवंडांस रायगड दाखवावयास नेणाऱ्यांनीं चवदार तळेंहि दाखवावें, आणि तेथें काय झालें तें पदर न झांकतां सांगावें.

रायगडास मात्र स्वतंत्र दिवस ठेवावा. १९९६ पासून तेथें रज्जुमार्ग झाल्यामुळें गुडघे दुखणाऱ्यांचीहि सोय झाली आहे. ज्यांस शांततेचीच ओढ आहे त्यांनीं शिवथरघळ पाहावी. समर्थांनीं दासबोध रचिला तें हेंच स्थान, असा शोध धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनीं १९३० सालीं लाविला. समर्थांचा एकान्त निराळ्या जातीचा. ते बोहल्यावरून निघून गेले होते. गृहस्थानें एकान्त शोधावयाचा तो जिचा हात बोहल्यावर धरिला तिच्यासह, एवढाच काय तो भेद.

आतां एक इशारा. हा सारा प्रदेश जितका सुंदर, तितकाच पावसाळ्यांत भयंकर आहे. महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतला पश्चिमेकडील वांटा सावित्रीच्या खोऱ्यांत धांवत सुटतो. झिजलेल्या खडकावर मातीचा जाड थर असतो. त्यांत पाणी मुरून तो जड झाला, आणि पायथा रस्त्यासाठीं किंवा घरासाठीं तोडलेला असला, म्हणजे सबंध उतार खालीं सरकतो. जुलै २००५ मध्यें दासगांव, जुई, रोहण व कोंडिवते ह्या महाड तालुक्यांतील गांवांत दरडींखालीं अनेक घरें गेलीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीवरचा इंग्रजी अमदानींतला पूल पुरांत वाहून गेला, आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन बसगाड्या व इतर वाहनें गेलीं. नवा पूल पुढील वर्षाच्या जूनमध्यें खुला झाला. २२ जुलै २०२१ रोजीं तळिये गांवावर डोंगर आला, आणि ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्याच दिवसांत महाड शहर पुराच्या पाण्याखालीं होतें.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, चित्रें पाहून झोपडी ठरवूं नये. झोपडीच्या मागें तोडलेला उभा उतार आहे काय, ती ओढ्याच्या पात्रांत किंवा घळीच्या तोंडाशीं आहे काय, जमिनीला भेगा पडल्या आहेत काय, झाडें खालच्या बाजूस कललीं आहेत काय, हें आधीं विचारावें. झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ येऊं लागल्यास तेथें क्षणभरहि राहूं नये. आषाढ-श्रावणांतले धबधबे कितीहि मोहक असले, तरी वृद्धांनीं व लहान मुलें असणाऱ्यांनीं कार्तिक ते माघ हाच काळ निवडावा. पुण्याकडून येणाऱ्यांस वरंध घाट जवळचा. पण तो पावसाळ्यांत पुष्कळदां बंद असतो. मुंबईकडून कोंकण रेल्वेनें आल्यास वीर हें स्थानक महाडास जवळचें. आमचे यजमान स्वतःच जून ते सप्टेंबर झोपडी बंद ठेवितात. “पैसा बुडतो,” ते म्हणाले, “पण तळियेंत आमचे सोयरे होते.” ह्याहून अधिक खुलासा आम्हीं मागितला नाहीं.

आतां ज्या एकान्तासाठीं आम्ही गेलों त्याविषयीं. पहिल्या संध्याकाळीं बोलण्यास विषयच सुचेना. अकरा माणसांच्या घरांत बोलणें आपोआप होत असतें. दोघांनीं तें आरंभावें लागतें. सौ. माळावर चढून गेल्या, आणि नातवाचा खोकला कसा आहे, तें फोनवरून विचारून आल्या. त्या रात्रीं लवकर निजलों. पहांटे चार वाजतां जाग आली, तों सौ. अंथरुणावर उठून बसल्या होत्या. नऊ वर्षें मातोश्रींना औषध देण्याची ती वेळ होती. मातोश्रींस जाऊन वर्ष लोटलें, तरी ती वेळ झाली कीं त्यांचे डोळे उघडतात. घरीं अशा वेळीं त्या उठून दूध तापवावयास लागतात, आणि कोणास कांहीं कळत नाहीं. येथें तापवावयास दूध नव्हतें. पूर्वेस बारीक चंद्रकोर आली होती. आम्हीं ओटीवर घोंगडी अंथरली आणि दोघें बसलों.

उजाडेपर्यंत त्या बोलत होत्या. मातोश्रींविषयीं बोलल्या. शेवटच्या वर्षीं मातोश्री त्यांना सून म्हणून ओळखीत नसत; आपली लहानपणीं वारलेली बहीण समजून तिच्या नांवानें हांक मारीत, आणि सौ. त्या नांवास ओ देत. हें घरांत कोणास ठाऊक नव्हतें. मग त्यांनीं सहज विचारल्यासारखें विचारलें, “तुम्ही निवृत्त झालांत. शाळेनें समारंभ केला, शाल दिली. मी केव्हां व्हावयाचें निवृत्त?” त्यांच्या स्वरांत तक्रार नव्हती. एखादी माहिती विचारावी तसा तो प्रश्न होता. आणि म्हणूनच त्याचें उत्तर देणें भाग होतें.

उत्तर आम्हीं वाईस परत आल्यावर घरांतल्या सर्वांच्या देखत दिलें. सकाळचा स्वयंपाक व देवघर ह्यांची पाळी सुना व मुलगे ह्यांनीं वांटून घ्यावी, असें ठरलें. मुलांनीं थोडी कुरकुर केली, सुनांनीं केली नाहीं. शिवाय घरांतल्या प्रत्येक जोडप्यानें वर्षांतून एकदां चार दिवस बाहेर जावें, आणि त्यांचीं मुलें व त्यांचीं कामें त्या दिवसांत इतरांनीं सांभाळावीं, असाहि नियम केला. पौषांत थोरला मुलगा व सून जाऊन आलीं. एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग येथें ध्यानांत येतो. दोघांच्याच घरांतून दोघांना बाहेर पडतां येत नाहीं, कारण मागें पाहणारें कोणी नसतें. अकरांच्या घरांतून दोन माणसें निर्धास्त निघूं शकतात. मग तीं निघत कां नाहींत? परवानगी कोणीं मागावयाची आणि ती कोणीं द्यावयाची, एवढ्या संकोचावर वर्षांमागून वर्षें जातात. हा संकोच घरांतल्या वडील माणसांनींच मोडला पाहिजे. धाकट्यांस तो मोडतां येत नाहीं.

वडील मंडळींस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं प्रथम स्वतः जावें. महाग झोपडीच पाहिजे असें नाहीं. एखाद्या नातलगाचें रिकामें घर, देवस्थानाची धर्मशाळा, ओळखीच्या शेतकऱ्याचा मळा, कांहींहि चालेल. दोघें असावीं आणि फोनला ओढ नसावी, म्हणजे झालें. ज्यांच्या मनांत “ह्या वयांत लोक काय म्हणतील” अशी शंका असेल, त्यांनीं पोलादपूरच्या त्या बाईंचा पावणेदोन वर्षांचा हिशेब आठवावा, आणि आपला स्वतःचा मांडून पाहावा. एका छपराखालीं अडतीस वर्षें राहिलेल्यांचा आंकडा कदाचित् तिच्याहून फार मोठा भरणार नाहीं.

थोरल्या वहिनींनीं परवां आम्हांस, भाऊसाहेब जवळपास नाहींत असें पाहून, हळूच विचारलें, “त्या झोपडीला पायऱ्या किती आहेत हो?” पायऱ्या नाहींत, पायवाट आहे, आणि ती हातांत हात घेऊन चढण्याइतकी रुंद आहे, असें आम्हीं त्यांना सांगितलें. माघांतील तारखा अद्याप मोकळ्या आहेत.